विरक्तीचे वस्त्र

निपाणी तालुक्यातील बोरगाव आणि त्याच्या भोवतालचा सीमाप्रदेश यांना वैराग्याचा वेष नवा नाही. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवजीवन देणारे आचार्य शांतिसागर महाराज याच टापूतील भोजचे. चातुर्मासात एखाद्या बस्तीत आर्यिकांचा संघ मुक्कामाला असला म्हणजे अंगावर एकच पांढरी साडी, हाती मोरपिंछी व कमंडलू, अनवाणी पाय आणि लोच केलेले मस्तक, हे विरक्त स्त्रीचे रूप गावातील पोरेसोरेही ओळखतात. लिंगायत मठातील स्वामींची भगवी वस्त्रे, वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ, सौंदत्तीच्या डोंगराकडे निघालेल्या जोगतिणीच्या गळ्यातील लाल-पांढऱ्या मण्यांचे दर्शन, या साऱ्या खुणा येथील माणसाला अक्षरओळख होण्यापूर्वीच वाचता येतात. परंतु त्याच रस्त्याने डोक्यावर शिरोवस्त्र आणि गळ्यात क्रूस घेतलेली एखादी कॅथलिक धर्मभगिनी चालली, तर मात्र नजरा वळतात. उलट आमच्या गोव्यात 'मादर' म्हणून ती इतकी परिचयाची की तिच्या वेषाकडे कोणी पाहतही नाही. एकीकडे कुतूहल, दुसरीकडे सवय. दोन्हींमुळे त्या वस्त्राचा अर्थ समजून घ्यायचा राहूनच गेला आहे.

हा अर्थ आज समजून घेण्यास निमित्त आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मसंघांच्या नवीकरणाचा जो आदेश २८ ऑक्टोबर १९६५ रोजी काढला, त्याला २०२५ साली साठ वर्षे पूर्ण झाली. संन्यस्तांचा वेष साधा, शालीन व गरिबीला शोभणारा असावा, तो आरोग्यास बाधक नसावा, काळ, स्थळ आणि हातातील सेवा यांना तो अनुरूप असावा आणि जो वेष या कसोटीस उतरत नाही तो बदलावा, असे त्या आदेशाने सांगितले. शब्द थोडे होते. परंतु त्यांनी जगभरच्या मठांतील कपड्यांच्या कपाटांना हात घातला. त्याचे पडसाद आपल्या देशात अजून उमटत आहेत आणि त्यांतील काही धर्मसंघांच्या दाराबाहेर, रेल्वेच्या डब्यात व परीक्षेच्या केंद्रावर ऐकू येत आहेत.

प्रथम हा वेष आहे तरी कसा ते पाहू. पारंपरिक वेषात पायघोळ, लांब बाह्यांचा झगा असतो. काही संघांत त्यावर खांद्यांवरून पुढे-मागे सोडलेला एक लांब पट्टा असतो. मूळचा तो काम करताना कपडे मळू नयेत म्हणून घेतलेला साधा आडपडदा. कमरेला चामड्याचा पट्टा किंवा दोरी. संत फ्रान्सिसच्या परंपरेतील दोरीला तीन गाठी असतात. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकता या तीन व्रतांच्या त्या खुणा. कमरेशी जपमाळ, गळ्यात क्रूस, काही संघांत अखेरच्या व्रतानंतर बोटात अंगठी. मस्तकावर शिरोवस्त्र आणि पूर्वी त्याखाली कपाळ, कान व गळा झाकून टाकणारे खळ घातलेले पांढरे कापड. रंग संघागणिक वेगळे. कार्मेलच्या बंदिस्त मठातील जोगिणी तपकिरी झगा घालतात व मोठ्या उपासनेच्या वेळी त्यावर पांढरा जाड अंगरखा घेतात; डोमिनिकन संघाच्या पांढऱ्या झग्यावर काळे प्रावरण येते. रोजच्या कामात यांतील बरेचसे बाजूला राहते. स्वयंपाकघरात, बागेत, गोठ्यात बाह्या सारून वर एप्रन बांधला जातो आणि रुग्णालयात परिचारिकेचा पोषाखच व्रताचा पोषाख होतो. करोनाच्या साथीत त्यावर सर्वांगाला झाकणारा प्लॅस्टिकचा पोषाख चढला, तेव्हा आतली बाई नन आहे की आणखी कोणी हे रोग्याला ओळखू येण्याची सोयच उरली नाही आणि त्याने कोणाचे काही अडलेही नाही.

हा वेष एका दिवसात अंगावर येत नाही. मठात दाखल झालेली मुलगी प्रथम आपल्या घरच्याच कपड्यांत वावरते. पुढे उमेदवारीच्या काळात बहुतेक संघांत तिला पांढरे शिरोवस्त्र मिळते आणि व्रते घेतल्यावर ते बदलते. चर्चच्या १९८३ सालच्या धर्मविधीसंहितेनुसार या उमेदवारीत सतरा वर्षांच्या आत कोणाला प्रवेश नाही. तिला निदान बारा महिने तेथे काढावे लागतात. अठरा पूर्ण झाल्यावाचून पहिली व्रते नाहीत आणि एकवीस झाल्यावाचून आजन्म व्रते नाहीत. मधल्या काळात तिला परत फिरण्याची मोकळीक असते. पूर्वी कित्येक ठिकाणी वेषदानाच्या दिवशी ती नववधूच्या साजात येई, तिचे केस कापले जात आणि मग संघाचे वस्त्र तिच्या हाती देत. बोरगावच्या जैन वाचकाला यात आपल्याकडील दीक्षासमारंभाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. भूमी निराळी, देव निराळा. परंतु संसाराचे वस्त्र उतरवून वैराग्याचे वस्त्र घेण्याची माणसाची रीत एकच दिसते.

आता एक गोष्ट विसरून चालणार नाही. आज आपणांस जो वेष परका, जुनाट किंवा गूढ वाटतो, तो जन्मला तेव्हा तसा नव्हता. फ्रान्समध्ये १६३३ साली संत व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी सेवाभगिनींचा संघ काढला. मठाच्या भिंतींआड न बसता रोग्यांच्या घरी जाणाऱ्या या स्त्रियांनी मुद्दाम वेगळा वेष घेतला नाही. पॅरिसच्या आसपासच्या खेड्यांतील शेतकरी बायका जे करडे लुगडेवजा घागरे नेसत, तेच त्यांनी नेसले. खेड्यातील बायकांचे डोक्याचे पांढरे कापडही तसेच घेतले. पुढे गावातल्या बायकांची रीत बदलली, कापड मात्र संघात राहिले. त्याला खळ चढत गेली, त्याचे दोन पंख पसरत गेले आणि ज्या शिरोवस्त्रामुळे गरिबांत मिसळून जायचे, त्यामुळेच ती भगिनी शंभर पावलांवरून वेगळी दिसू लागली. अखेर २० सप्टेंबर १९६४ रोजी संघाने ते पंख उतरवून ठेवले. आमच्या मते धर्मभगिनींच्या वेषाचा सारा इतिहास या एका उदाहरणात आहे. गरिबाचे वस्त्र म्हणून जे घेतले, ते काळ गोठल्यामुळे गणवेष होते. आणि गणवेषाला पुन्हा वस्त्र करण्यासाठी कोणाला तरी धैर्य दाखवावे लागते.

गोव्याच्या इतिहासात तर या वस्त्राने आणखी एक काम केले. आर्चबिशप आलेयशु द मेनेझिस यांनी १६०६ साली जुन्या गोव्यात सांता मोनिका मठाची उभारणी सुरू केली. १६२७ साली तो पुरा झाला. पूर्वेकडील एक मोठा स्त्रीमठ म्हणून त्याचा लौकिक होता. परंतु त्या भिंतींच्या आतही शिरोवस्त्राचे दोन रंग होते. काळे शिरोवस्त्र मुख्यतः पोर्तुगीज वंशाच्या कन्यांसाठी, पांढरे त्याखालच्या पायरीसाठी. ईश्वरापुढे सर्व सारख्या असे म्हणत जे कापड मस्तकावर घ्यायचे, त्याच कापडाने वंश आणि दर्जा यांची गणती होत होती. पोर्तुगीज सरकारने १८३४ साली धर्मसंघांवर घाला घातल्यावर मठात नवी भरती थांबली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो ओस पडला. पुढे १९६४ साली याच वास्तूत धर्मभगिनींच्या शिक्षणासाठी 'मातेर देई' संस्था सुरू झाली. ज्या ठिकाणी एकाच संघातील दोन रंग एकमेकांपासून दूर बसत, त्या ठिकाणी निरनिराळ्या संघांच्या झग्यांना आणि साड्यांना एका बाकावर बसण्याची सोय झाली.

'साड्यांना' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. कारण याच भूमीवर इन्क्विझिशनने १७३६ साली जाहीरनामा काढून ख्रिस्ती झालेल्या गोमंतकीय पुरुषांना पुडवे नेसण्याची आणि स्त्रियांना चोळी घालण्याची बंदी केली होती. अ. का. प्रियोळकर यांच्या परिश्रमामुळे या काळाचा तपशील आज अभ्यासकांना उपलब्ध आहे. धर्म बदलला म्हणजे कापडही बदलले पाहिजे, हा त्या सत्तेचा आग्रह होता. वास्तविक चर्चमध्येच त्याहून वेगळा विचार त्याआधी शंभर वर्षे मांडला गेला होता. येशुसंघाचे रॉबर्ट द नोबिली १६०६ साली मदुरेस गेले आणि तेथे त्यांनी संन्याशाची काषाय वस्त्रे धारण केली. त्यावरून वादळ उठले. १६१९ साली तो वाद गोव्यात धर्माधिकाऱ्यांपुढे आला आणि १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी जानवे, शेंडी, गंध यांना काही अटींवर मुभा दिली. म्हणजे रोमने जे सोसले, ते गोव्यातील सत्तेने सोसले नाही. कापडाचा प्रश्न धर्मापेक्षा राज्यसत्तेच्या जवळचा असतो, याचा याहून ठळक दाखला शोधावा लागणार नाही.

या आग्रहाला एतद्देशीयांनीही उत्तर दिले. ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९४ साली कॅथलिक असूनही भगवी वस्त्रे घेतली; प्रथम विरोध झाला, मग गळ्यात क्रूस घालून त्या वस्त्रांना मान्यता मिळाली. पंडिता रमाबाई तर कॅथलिक नव्हत्या. इंग्लंडमध्ये वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या सहवासात १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्या भगिनींच्या क्रूसावरील लॅटिन अक्षरे त्यांना मानवली नाहीत. आपल्या देशातील लोकांना जी भाषा कळत नाही ती गळ्यात का बाळगायची, त्याऐवजी संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या पांढऱ्या साध्या साडीतच राहिल्या. एका मराठी स्त्रीने व्हॅटिकन परिषदेच्या ऐंशी वर्षे आधी हा प्रश्न विचारला होता, ही गोष्ट महाराष्ट्राने व चर्चनेही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मग ऑगस्ट १९४८ मध्ये कलकत्त्यात मदर तेरेसा लोरेटो संघाचा झगा उतरवून निळ्या काठाची स्वस्त पांढरी साडी नेसून बाहेर पडल्या. जिच्या सेवेला जायचे त्या गरीब बाईच्या अंगावर जे असते, तेच आपल्याही अंगावर असावे, हा त्यामागचा विचार. व्हिन्सेंट द पॉल यांचीच वाट ती, फक्त फ्रान्सच्या खेड्याऐवजी बंगालच्या वस्तीतून गेलेली. त्यांच्या संघातील भगिनी झग्यावरून ती साडी नेसतात, पदर डोक्यावर घेऊन टाचतात आणि डाव्या खांद्याशी क्रूस लावतात. टिटागढच्या कुष्ठसेवा केंद्रात रुग्णांच्या हातमागावर या साड्या विणल्या जातात. १९६५ च्या आदेशानंतर आणि भारतीय उपासनेत पंचारती, समई, शाल यांना एप्रिल १९६९ मध्ये रोमची मान्यता मिळाल्यानंतर साडीला वेग आला. कोणत्या संघाची साडी पांढरी, कोणाची फिकट राखी, कोणाची भगवट. वस्तीत काम करणाऱ्या, दुचाकीवरून हिंडणाऱ्या भगिनींनी सलवार-कमीजही घेतली. बंदिस्त मठांनी आपला जुना वेष ठेवला आणि केरळातील कित्येक संघांनीही शिरोवस्त्र सोडले नाही. आदेशाने एकच वेष लादला नाही, हे त्याचे शहाणपण होते.

ज्या देशाने खादीचे व्रत पाहिले, त्याला हे सारे समजावून सांगण्याची गरज पडू नये. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी, त्याच मदुरेत, पंचा नेसण्याचा निर्णय घेतला तो गरिबाशी आपले अंतर कमी करण्यासाठी. खादीची टोपी घालणे म्हणजे लाठी, तुरुंग आणि नोकरीवर पाणी, हे त्या दिवसांत प्रत्येकाला ठाऊक होते. म्हणून ती घालण्याला किंमत होती. तीच टोपी पुढे सत्तेच्या दाराशी उपयोगी पडू लागली आणि किंमत उतरली. साडी नेसल्याने धर्मभगिनी आपोआप गरिबांची होत नाही आणि झगा घातल्याने परकी ठरत नाही. निळ्या काठाच्या त्या साडीची नक्षी २०१६ साली व्यापारचिन्ह म्हणून नोंदवावी लागली, कारण तिच्या नावावर इतरांनी लाभ उठवू नये. गरिबीच्या वस्त्रालाही बाजारात मोल येते, ही या जगाची रीत. वस्त्र व्रताची आठवण देते. व्रत पाळण्याचे काम ते करीत नाही.

परंतु आज धर्मभगिनीपुढे उभा असलेला पेच निराळाच आहे. तिने झगा घातला तर ती परकी. साडी किंवा भगवे घेतले तर ती फसवी, लोकांना भुलवून धर्मांतर करायला निघालेली. बेळगाव जिल्ह्यातील देशनूर येथे येशुसंघाच्या धर्मगुरूंनी लिंगायत समाजात राहताना भगवी वस्त्रे आपलीशी केली. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगावचे बिशप डेरेक फर्नांडिस यांचे तेथील भगव्या वस्त्रांतील छायाचित्र सर्वत्र फिरले आणि त्यांच्यावर हिंदू बाजूने व कॅथलिक बाजूनेही टीका झाली. एकाला ते अतिक्रमण वाटले, दुसऱ्याला स्खलन. दोन्ही टीकाकारांचे एका गोष्टीवर एकमत होते, की भगवा रंग कोणाच्या तरी मालकीचा आहे. आम्हांस हे मान्य नाही. धर्मांतरात लबाडी वा बळजबरी झाली असेल तर तिचा पुरावा कृतीत शोधावा; साडीच्या काठात तो सापडत नाही.

दुसऱ्या बाजूचा अनुभव याहून कटू आहे. १९ मार्च २०२१ रोजी दिल्लीहून ओडिशाकडे रेल्वेने जाणाऱ्या दोन धर्मभगिनी आणि त्यांच्यासोबतच्या दोन तरुण उमेदवार मुली यांना धर्मांतराच्या संशयावरून झाशी येथे गाडीतून उतरवण्यात आले. कागदपत्रे तपासल्यावर संशय खोटा ठरला. पुढचा प्रवास मात्र त्यांनी संघाचा वेष उतरवून साध्या कपड्यांत केला, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. स्वतंत्र भारतात एका प्रौढ स्त्रीला आपले व्रत पिशवीत घालून प्रवास करावा लागतो, याची खंत वाटण्यासाठी ख्रिस्ती असण्याची आवश्यकता नाही. ब्रिटिश अमलात व काही संस्थानांत दिगंबर मुनींच्या विहारावर बंधने येत आणि शांतिसागर महाराजांच्या काळात जैन समाजाला त्यांच्याशी झगडावे लागले. बोरगाव परिसरातील माणसाला तरी याचे मर्म अधिक कळावे.

राज्यसंस्थेच्या नियमांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुलै २०१५ मध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वेळी तिरुवनंतपुरम येथे एका धर्मभगिनीला शिरोवस्त्र आणि क्रूस काढल्यावाचून आत सोडले नाही. तिने परीक्षा सोडून दिली. कर्नाटकात ५ फेब्रुवारी २०२२ च्या सरकारी आदेशाने शाळा-महाविद्यालयांतील हिजाबचा वाद पेटला, १५ मार्च रोजी उच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला आणि १३ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध निकाल देऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवले. त्या वादात मुलींच्या ओढणीला उत्तर म्हणून शिक्षिकेच्या शिरोवस्त्राकडे बोट दाखवले गेले आणि उलटही झाले. शाळकरी मुलगी आणि व्रत घेतलेली प्रौढ स्त्री यांत फरक आहे, हे आम्ही जाणतो. परीक्षेत नक्कल होऊ नये म्हणून तपासणी हवी, हेही खरे. परंतु स्त्री कर्मचाऱ्याकडून आडोशाला तपासणी करून जे साधते, त्यासाठी कोणाचे वस्त्र उतरवण्याची गरज नसते. नियमाचा हेतू पुरा झाला की नियमाने तेथेच थांबावे.

मग कसोटी कोणती? ती या सीमाभागानेच आपल्याला दिली आहे. यल्लम्मेच्या नावाने लहान मुलीच्या गळ्यात जे दर्शन बांधले जाई, तीही धर्माचीच खूण म्हणून मिरवली जात होती. ती मुलीने मागितलेली नव्हती. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली, निपाणीत प्रा. सुभाष जोशी यांनी तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांबरोबर देवदासींनाही संघटित केले; १९८२ साली कर्नाटक विधिमंडळाने देवदासी समर्पणाला बंदी करणारा कायदा केला. कायद्याने मण्यांशी वैर धरले नाही, ते गळ्यात बांधणाऱ्या दुसऱ्याच्या हाताशी धरले. म्हणून वस्त्र कोणते, देशी की परदेशी, झगा की साडी, हा प्रश्न दुय्यम आहे. ते कोणी निवडले, कोणत्या वयात निवडले आणि नको झाल्यावर उतरवण्याची वाट मोकळी आहे की नाही, हे तीन प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत.

हे प्रश्न चर्चलाही चुकत नाहीत. ज्या परिषदेने स्त्रियांचा वेष बदलण्याचा आदेश दिला, तेथे मत देणारे सर्व पुरुष होते. स्त्रियांना १९६४ च्या सत्रापासून केवळ निरीक्षक म्हणून बसता आले. बारीक तपशील संघांवर सोपवला हे ठीक झाले. पण संघांतही नव्या, धाकट्या भगिनीचे म्हणणे किती ऐकले जाते? उन्हातान्हात आदिवासी पाड्यावर पायपीट करणारी भगिनी जड झगा नको म्हणत असेल, तर तिची गैरसोय अवज्ञा ठरू नये. उलट एखादीला शिरोवस्त्रात आधार वाटत असेल, रात्रीच्या एसटीत त्याच्यामुळे आब राखला जातो असा तिचा अनुभव असेल, तर आधुनिकतेच्या नावाखाली ते तिच्याकडून काढूनही घेऊ नये.

सरकारने आपले नियम तपासणीपुरते ठेवावेत. चर्चने वेषाचा निर्णय तो वेष अंगावर वागवणाऱ्या स्त्रियांच्या हाती द्यावा आणि बाहेर पडू इच्छिणारीला सन्मानाने बाहेर पडू द्यावे. आणि समाजाने, विशेषतः आर्यिकेच्या पांढऱ्या साडीपुढे हात जोडणाऱ्या आपल्या समाजाने, क्रूस गळ्यात घातलेल्या बाईच्या पांढऱ्या साडीकडेही त्याच सरळ नजरेने पाहावे. तिच्या मताशी वाद घालावा, तिच्या संस्थेच्या कारभाराची झडती घ्यावी, तिच्या शाळेच्या फीविषयी जाब विचारावा. हा सर्व नागरिकाचा हक्क आहे. तिच्या वस्त्राला हात घालण्याचा हक्क मात्र कोणालाही नाही.